तिथे आम्ही करायचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाड्यावरची एक मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला पुढच्या महिन्यात मानसोपचाराची पोस्टिंग लागलीय. परवा संध्याकाळी घरी आली आणि चहा घेता घेता म्हणाली, मावशी, सर्जरीत ड्रेसिंग असतं, मेडिसिनमध्ये सलाईन असतं, लेबर रूममध्ये तर पाणी प्यायला उसंत नसते, पण तिथे आम्ही करायचं काय? सिनियर मुली सांगतात की गोळ्या द्यायच्या, दार लागलंय ना ते बघायचं आणि पेशंटपासून जरा लांब बसायचं, आरामाची ड्युटी आहे म्हणे.

मी तिला तासभर सांगत बसले. पण हाच प्रश्न मला इतक्या वर्षांत पेशंटच्या नातेवाइकांनी विचारलाय, दुसऱ्या वॉर्डातल्या मैत्रिणींनी विचारलाय, एकदा तर ड्युट्या लावणाऱ्या एका मोठ्या अधिकाऱ्यानेसुद्धा विचारला होता, म्हणून तुमच्या पेपरातून उत्तर द्यावंसं वाटलं. मी निवृत्त नर्स आहे. नोकरीतली बरीच वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली, काही गोव्यात काही बाहेर, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे. कुठली गोष्ट कुठल्या इस्पितळातली ते लिहीत नाही आणि पेशंटची ओळख पटेल असंही काही लिहिणार नाही.

तर तिथे काय करायचं. माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट सांगते. एक पेशंट, पन्नाशीचा, अॅडमिट झाल्यावर तिसऱ्या दिवशी वॉर्डात येरझाऱ्या घालायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, जेवायला बसवलं तर दोन घास खाऊन उठायचा, रात्री खाटेवर टेकायचा की परत उभा. मी रिपोर्टात लिहिलं, पेशंट रेस्टलेस. पुढच्या शिफ्टने पण तेच लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचून हॅलोपेरिडॉल, म्हणजे त्याच्या मानसिक आजारावरचं औषध, वाढवलं, त्यांचं तरी काय चुकलं, ते काही चोवीस तास वॉर्डात नसतात, आम्ही जे लिहिणार त्यावरच ते ठरवणार. डोस वाढला आणि माणूस आणखीच फिरायला लागला. मग रजेवरून परत आलेल्या आमच्या एक सिनियर सिस्टर होत्या त्या त्याच्याबरोबर चालायला लागल्या. अक्षरशः त्याच्या बाजूने वॉर्डात चार फेऱ्या मारल्या आणि चालता चालता सहज विचारलं, बाबा, ही तगमग मनात आहे की पायात? तो म्हणाला, "मन बरें आसा सिस्टर, पूण पांय बसूंक दिनात."

याला अकॅथिसिया म्हणतात. मानसिक आजाराच्या काही औषधांचा हा दुष्परिणाम, माणसाला एका जागी बसवतच नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की आजार बळावला. सिस्टरांनी डॉक्टरना फोन केला, डोस कमी झाला, त्या तगमगीवर प्रोप्रानोलॉल हे औषध सुरू झालं आणि दोन दिवसांनी तो माणूस व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. मी मात्र तीन दिवस लिहीत होते, रेस्टलेस, रेस्टलेस. एक शब्द लिहून मी मोकळी झाले होते आणि माझ्या त्या एका शब्दापायी त्या माणसाला जास्तीचं औषध गेलं, हे मी अजून विसरलेली नाही.

आता त्या चार फेऱ्या कुठल्या रजिस्टरात गेल्या? कुठल्याच नाही. इंजेक्शनं किती दिली त्याचा रकाना आहे, ईसीटी, म्हणजे विजेच्या शॉकचे उपचार, किती झाल्या त्याचा आहे, अॅडमिशन, डिस्चार्ज, लिनन, ऑक्सिजन सिलिंडर, सगळ्याला रकाना आहे. पेशंटजवळ बसणं, त्याच्याबरोबर चालणं, त्याने चौथ्यांदा तेच विचारलं तरी चौथ्यांदा उत्तर देणं, याला रकाना नाही. आणि जे कागदावर नाही त्याच्यासाठी कोणी माणूस देत नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे, बाकी सगळं त्यातूनच येतं. आमच्याकडे बोलणं हेच काम आहे, आणि नेमकं तेच काम मोजलं जात नाही, म्हणून वॉर्डात माणसं कमी, माणसं कमी म्हणून बोलायला वेळ नाही आणि बोलायला वेळ नाही म्हणून मग हात बांधायची वेळ येते.

हात बांधण्याबद्दल स्पष्टच लिहिते कारण यावर कोणी बोलत नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याचं कलम 97 प्रत्येक नर्सने आणि प्रत्येक नातेवाइकाने वाचायला हवं. पेशंटला एकट्याला कोंडून ठेवायला सक्त मनाई आहे. बांधायचं झालं तर त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला लगेच इजा होणार असेल आणि ती टाळायचा दुसरा काहीच मार्ग नसेल तेव्हाच, तेही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरज असेल तेवढाच वेळ, का बांधलं कसं बांधलं किती वेळ बांधलं हे सगळं केसपेपरवर लिहून, आणि पेशंटच्या प्रतिनिधीला 24 तासांच्या आत कळवून. शिक्षा म्हणून तर कधीच नाही. आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की निव्वळ कर्मचारी कमी आहेत या कारणासाठी बांधता येणार नाही. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण रात्रपाळीला खरं कारण बहुतेक वेळा तेच असतं आणि रिपोर्टात मात्र आपण लिहितो, पेशंट व्हायलेंट.

माझ्या हातूनही झालंय. एका ठिकाणी रात्री आम्ही दोघी सिस्टर आणि एक सर्वंट, वॉर्ड भरलेला, त्यात नवीन अॅडमिशन आली, वीस बावीस वर्षांचा मुलगा. तो दाराकडे धावत होता, ओरडत होता, सर्वंटला त्याने ढकललं. दुसऱ्या खाटेवरच्या पेशंटला फिट आली होती, मैत्रीण तिकडे अडकलेली. मी आणि सर्वंटने मिळून त्या मुलाला बांधलं, मग डॉक्टरना कळवलं, म्हणजे परवानगी मागाहून. पहाटे तो शांत झाल्यावर सोडला तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारलं, "सिस्टर, म्हज्यो व्हाणो खंय?" अॅडमिट करताना नियमाप्रमाणे चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, त्याला कोणीच सांगितलं नव्हतं की परत मिळणार आहेत, आणि त्याच्या डोक्यात बसलं होतं की चपला काढून घेतल्या म्हणजे आता घरी जायला देणार नाहीत. रात्रभर तो चपलांसाठी दाराकडे धावत होता. त्याच्याजवळ दहा मिनिटं बसायला एक माणूस असता तर ही गोष्ट रात्री अकरालाच कळली असती.

तमिळनाडूतल्या एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 ला पहाटे आग लागली आणि साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. ते काही मान्यताप्राप्त इस्पितळ नव्हतं, दर्ग्याच्या आसपास चालवलेली खाजगी निवासस्थानं होती, पण बांधलेल्या माणसाला धोक्यातून पळता येत नाही हे सगळीकडे तितकंच खरं. आता कायद्याने साखळदंड कुठल्याही स्वरूपात बंद आहेत. तरीही अजून घरी खोलीत डांबलेल्या पेशंटला घेऊन येणारी माणसं भेटतात, आणि त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, बहुतेक वेळा घरात म्हातारी आई एकटी असते आणि तिला दुसरं काही सुचलेलं नसतं.

मग न बांधता कसं करायचं? हे शिकवता येतं, यात जादू नाहीये. खवळलेल्या पेशंटशी एकाच माणसाने बोलायचं, चार जणांनी चार बाजूंनी ओरडायचं नाही. समोरासमोर छाती काढून उभं राहायचं नाही, जरा तिरकं उभं राहायचं, दोन हातांचं अंतर ठेवायचं, आणि दार त्याच्या पाठीमागे की आपल्या पाठीमागे ते आधी बघून घ्यायचं, कोंडल्यासारखं कोणालाच वाटता कामा नये. शांत हो शांत हो असं म्हणून कोणी शांत होत नाही, त्यापेक्षा विचारायचं, काय हवंय, पाणी देऊ का, जेवलास का. एखाद्या छोट्या गोष्टीत त्याला ठरवू द्यायचं, इथे बसतोस की खिडकीजवळ, गोळी आता घेतोस की चहाबरोबर. बघे पेशंट बाजूला न्यायचे, टीव्हीचा आवाज कमी करायचा. आणि वेळ द्यायचा, हेच सगळ्यात कठीण कारण वेळ म्हणजे माणूस. एवढं करूनही बांधावंच लागलं तर त्याच्याजवळ बसून राहायचं, दर थोड्या वेळाने बोटं गार पडली नाहीत ना, गाठ घट्ट झाली नाही ना, श्वास बरोबर चाललाय ना, पाणी हवं का, लघवीला जायचंय का हे बघायचं, झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर नाडी, बीपी, श्वास जास्तच लक्षपूर्वक. सोडल्यावर त्याच्याशी बोलायचं की रात्री काय झालं, तुला काय वाटत होतं, पुढच्या वेळी तसं वाटायला लागलं तर आम्हाला कसं कळेल. माझ्या चपलावाल्या मुलाने त्यानंतर तीन वेळा स्वतःहून येऊन सांगितलं होतं, सिस्टर, डोकं तापायला लागलंय. त्याच्या चपला आम्ही त्याला दिसतील अशा खिडकीत ठेवल्या होत्या.

दुसरी गोष्ट दारूची. गोव्यात ही लिहिल्याशिवाय चालणारच नाही. आणि ही मानसोपचाराच्या वॉर्डापेक्षा जनरल वॉर्डातल्या सिस्टरांसाठी जास्त आहे. माणूस पाय मोडून अॅडमिट होतो, ऑर्थोमध्ये, वीस वर्षं रोज पिणारा, इस्पितळात आल्यावर दारू एकदम बंद. दुसऱ्या तिसऱ्या रात्री हात थरथरतात, घामाने अंग भिजतं, भिंतीवर किडे दिसतात, बायकोला ओळखत नाही, सलाईन उपटून टाकतो. घरचे घाबरतात, म्हणतात बाधा झाली, वॉर्डातले म्हणतात हा वेडा झाला, याला सायकीत पाठवा. हे वेड नाही, दारू अचानक तुटल्यामुळे होणारा डिलिरियम आहे, फिट येऊ शकते, उपचार नाही झाले तर जीव जाऊ शकतो. म्हणून अॅडमिट करतानाच विचारायचं, रोज किती घेता, शेवटची कधी घेतली, आणि विचारताना तोंड वाकडं करायचं नाही, नाहीतर खरं सांगणार कोण. अशा माणसाला ग्लुकोज चढवायच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, गेलंय का ते बघणं हे सिस्टरचं काम आहे, कारण थायमिन नसताना ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आणि घरच्यांना एक विनंती, दरवर्षी चतुर्थीच्या आधी बरेच जण ठरवतात की घरात गणपती आहे, यंदा याला पिऊच द्यायचं नाही, आणि कडी लावून बसवतात. भावना चांगली आहे पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका, आधी डॉक्टरला दाखवा, औषधांच्या आधाराने ती सुरक्षितपणे सुटते.

देवाधर्माचा विषय निघाला म्हणून तेही लिहिते. आमच्याकडे येणारे अर्धे लोक तरी आधी देवळात, घाड्याकडे म्हणजे देवऋष्याकडे किंवा चर्चच्या फेस्ताला नवस बोलून आलेले असतात. शिकलेल्या तरुण सिस्टर कधी कधी तोंडावर सांगतात की हे सगळं थोतांड आहे. मला ते पटत नाही. आईने गाऱ्हाणं घातलं म्हणजे तिने आशा सोडलेली नाही, ती आशा आपल्याला पुढे सहा महिने गोळ्या चालू ठेवायला लागणार असते. मी सांगायचे, गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, पण गोळी चुकवू नका आणि मारझोड, उपास, धूर असलं काही करणाऱ्याकडे नेऊ नका. एकदा एका मुलीला घरचे परत घेऊन आले, औषध सुरू करून दोनच दिवस झाले होते, तिची मान एका बाजूला पिळल्यासारखी वळली होती, डोळे वर गेलेले, जीभ बाहेर, आई रडत होती की अंगात आलंय, आता इस्पितळाचं औषध नको. तो औषधाने आलेला स्नायूंचा आखडा होता, डिस्टोनिया. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मान सरळ झाली. आईला मी तिथेच बसवून समजावलं की हे औषधामुळे झालं, ते का होतं, परत झालं तर काय करायचं. हे खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, कोणी सांगितलं नव्हतं. ती पाच मिनिटं वाचवायला गेलो तर आपण एक पेशंट कायमचा गमावला असता.

समजावून सांगायच्या गोष्टी किती असतात बघा. मूडच्या आजारावर लिथियम घेणाऱ्या पेशंटची त्या औषधाची रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.2 च्या मधे लागते, त्याच्या थोडं वर गेलं की विषबाधा. आता गोव्याचा मे महिना, घाम, किंवा पावसाळ्यातले जुलाब, अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की पातळी चढते. गुडघा दुखतो म्हणून फार्मसीतून आयबुप्रोफेनची गोळी आणून खाल्ली तरी चढते. हात जास्त थरथरायला लागले, चाल डगमगली, जुलाब उलट्या सुरू झाल्या तर लगेच इस्पितळात यायचं, हे घरी माहीत नको? क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेल्याला ताप आणि घसा आला तर साधा सर्दीताप म्हणून सोडायचं नाही, पांढऱ्या पेशी तपासायच्या, सुरुवातीचे 18 आठवडे तर दर आठवड्याला रक्त तपासतातच. आणि बद्धकोष्ठता! हा प्रश्न विचारायला नर्सला लाज वाटते आणि सांगायला पेशंटला, पण क्लोझापिनमुळे आतडं बंद पडून माणसं दगावलेली आहेत. रोज सकाळी शौचाला झाली का हे विचारणारी सिस्टर जीव वाचवत असते. तसंच वजन, साखर, बीपी. आमच्या पेशंटचं पोट दुखलं तरी लोक म्हणतात मनाचं आहे. एका बाईचं दोन दिवस पोट दुखत होतं, ड्युटीवरच्या सगळ्यांनी सांगितलं की ती लक्ष वेधून घेते, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करावं लागलं. मानसिक आजार आहे म्हणून अपेंडिक्स सुजत नाही असं कुठे आहे का?

भाषेबद्दल थोडं. आमच्या वॉर्डात कोंकणी, मराठी, हिंदी, कन्नड सगळं चालतं, बांधकामावरचे मजूर, मासेमारीच्या ट्रॉलरवरचे कामगार, त्यांचं इथे जवळचं कोणी नसतं. डिप्रेशन हा शब्द घेऊन फार थोडे येतात. लोक म्हणतात जीव घाबरतो, डोकं जड झालंय, काळजात आग होते, कशातच मन लागत नाही, दिष्ट लागली. हे ज्याला कळतं त्यालाच आजार कळतो. म्हणून इथली भाषा येणारी, इथली रीत माहीत असलेली सिस्टर या वॉर्डात टिकवून ठेवली पाहिजे.

आणि नेमकं तेच होत नाही. एखादी मुलगी हौसेने मानसोपचार नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करून येते, दोन वर्षं वॉर्डात हात बसतो, आणि बदलीच्या चक्रात तिला डोळ्यांच्या ओपीडीत पाठवतात, तिच्या जागी नवी येते जी घाबरत घाबरत दिवस काढते. अख्ख्या देशात या विषयातल्या नर्स लाखामागे एकसुद्धा भरत नाहीत, आणि ज्या आहेत त्यांनाही आपण दुसरीकडे लावतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 ला झालं, त्यात दहा माणसांमागे एकाला उपचार लागेल असा मानसिक आजार दिसला आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते.

या सिस्टरांना काय सोसावं लागतं तेही लिहू दे. मार बसतो, चावा बसतो, केस ओढले जातात. एकदा माझ्या गालावर बसली होती, त्यानंतर मला अॅक्सिडेंट रिपोर्टचा फॉर्म दिला आणि विचारलं की तू त्याला काय बोललीस. बस, एवढंच. अशी घटना झाल्यावर त्याच दिवशी दहा मिनिटं सगळ्यांनी बसून बोलायला हवं, काय झालं, कोण दुखावलं, उद्या तिला त्याच पेशंटजवळ जायला भीती वाटेल तर कोण सोबत जाईल. एका ठिकाणी आमच्या वॉर्ड सिस्टर हे न चुकता करायच्या, कोणाची चूक शोधायच्या नाहीत, आणि तिथल्या मुली बदली मागत नव्हत्या. बाहेर समाजात वेगळंच. माझ्या एका मैत्रिणीचं स्थळ मोडलं, मुलाकडच्यांना कळलं की ती पिशांच्या, म्हणजे वेड्यांच्या, इस्पितळात काम करते. पेशंटला जो डाग लागतो तो आमच्या अॅप्रनला पण लागतो, आणि आमचं सोडा, बरे होऊन घरी गेलेल्यांना काय वाटत असेल.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा आहे, 1945 सालचा, सगळे तिथे फोटो काढतात. हा कांदोळीत जन्मलेला माणूस, फ्रान्समध्ये जाऊन त्याने सांगितलं की माणूस झोपेसारख्या अवस्थेत जातो ते कुठल्या चुंबकाच्या शक्तीने नाही, ते त्याच्या स्वतःच्या मनात घडतं, सूचनेने घडतं. अल्तिनोवर पूर्वी जे मनोरुग्णांचं इस्पितळ होतं त्याला त्याचंच नाव होतं, आता ती संस्था बांबोळीला आहे. मला त्याचं अप्रूप यासाठी की शब्दाने माणसाच्या मनात काय होऊ शकतं हे दोनशे वर्षांपूर्वी सांगणारा आपल्या मातीतला होता, आणि आपण अजून विचारतो की बोलत बसणं हे काय काम आहे का.

बोलण्यातलाच सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे आत्महत्येचा. नव्या मुलींना वाटतं विचारलं तर त्याच्या डोक्यात ते शिरेल. तसं होत नाही. सरळ, हळू आवाजात विचारायचं, जगणं नको असं वाटतं का, जीव द्यायचे विचार येतात का. बहुतेक वेळा माणूस सुटकेचा श्वास टाकतो की कोणीतरी विचारलं एकदाचं. मग त्याला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरना कळवायचं, घरच्यांना विश्वासात घ्यायचं. नातेवाईक पोलीस केसच्या भीतीने लपवतात, त्यांना सांगा की 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नाही, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या नव्या न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं 309 कलमच उरलेलं नाही. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. म्हणून मला वाटतं घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला आठवड्याच्या आत वॉर्डातल्याच ओळखीच्या सिस्टरचा एक फोन जायला हवा, गोळ्या मिळाल्या का, झोप लागते का, पुढची तारीख लक्षात आहे ना. आम्ही काही जणी स्वतःच्या मोबाईलवरून करायचो, पगारातून रिचार्ज मारून. ते सिस्टरच्या हौसेवर सोडायचं काम नाहीये, ड्युटीत धरायला हवं.

आणि सगळं बांबोळीलाच कशाला? पेडणे, काणकोण, सत्तरीतून पेशंटला दोन बसेस बदलून आणायचं म्हणजे घरच्या एका माणसाचा रोज बुडतो, मग एक फॉलोअप चुकतो, मग दुसरा. याच गोव्यात संगाथ संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं होतं, 2010 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले की सरकारी केंद्रांतल्या उदास, चिंताग्रस्त पेशंटना त्याचा चांगला फायदा झाला. म्हणजे गावात बसून होऊ शकतं हे आपल्याच राज्यात सिद्ध झालंय. आमची आरोग्य केंद्रातली सिस्टर तर आधीच सगळ्यांना ओळखते, कोणाची सून कुठून आली, कोणाच्या घरात दारू आहे, तिला सगळं माहीत. महिन्याचं डेपो इंजेक्शन, ज्याचं औषध अंगात हळूहळू उतरतं ते, तिने दिलं, वजन साखर तिने बघितली, दहा मिनिटं तिने बोललं तर बांबोळीची निम्मी गर्दी कमी होईल. फक्त तिला ते शिकवा, आणि तिच्या डोक्यावरची दहा रजिस्टरं थोडी कमी करा.

मी सरकारकडे आणि खाजगीवाल्यांकडे मोठं काही मागत नाहीये. या वॉर्डातली शिकलेली सिस्टर निदान पाच वर्षं तरी हलवू नका. रात्री वॉर्डात एक माणूस असा ठेवा ज्याला दुसरं काहीच काम नसेल, फक्त जो पेशंट जागा आहे त्याच्याजवळ बसायचं. आणि ड्युटीच्या रजिस्टरात एक रकाना आखा, कोणाजवळ किती वेळ बसलात, काय कळलं. पेन आणि फूटपट्टी लागते त्याला.

शेजारच्या मुलीला मी सांगितलंय की पहिल्या दिवशी एकच पेशंट निवड, जो कोणाशी बोलत नाही असा, आणि त्याच्या बाजूला बस, काही विचारू नकोस, उद्या परत त्याच वेळेला येते म्हणून सांग आणि उद्या खरंच ये. ती म्हणाली, मावशी, तो काहीच बोलला नाही तर मी रिपोर्टात काय लिहू? मी म्हटलं, लिही की वीस मिनिटं बाजूला बसले, उठून गेला नाही.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे संपादक साहेब. तुमच्या पेपरात रोज अँब्युलन्स, अग्निशमन, पोलीस असे फोन नंबर चौकटीत छापता, त्यात 14416 पण टाका. टेलिमानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री अपरात्री कधीही लागते. रोज छापा, एखाद्या दिवशी जाहिरात जास्त आली तरी काढू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
साखळी